टर्मिनलसाठी कीबोर्डवर चालणारा फाइल मॅनेजर कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न वाचकांकडून पुन्हापुन्हा येत राहिले आहेत आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, नंतरचे काम करताना अडलेल्यांचे. टर्मिनल म्हणजे अक्षरी आज्ञा (कमांड) टाइप करण्याची खिडकी, आणि त्या आज्ञा पाळणारा कार्यक्रम म्हणजे शेल. कळांची आणि कमांडची नावे देवनागरीत लिहिली आहेत: ‘जे’ म्हणजे कीबोर्डवरची त्या उच्चाराच्या रोमन अक्षराची कळ आणि ‘शिफ्ट-डी’ म्हणजे ‘डी’ हे अक्षर मोठ्या लिपीत. कळा मूळ मांडणीतल्या, म्हणजे आपण काहीही न बदलता मिळणाऱ्या आहेत.

१. मला सीडी, एलएस, सीपी, एमव्ही या कमांड चांगल्या येतात. मग टर्मिनलमध्ये फाइल मॅनेजर हवाच कशाला?

‘सीडी’ फोल्डर बदलते, ‘एलएस’ यादी दाखवते, ‘सीपी’ प्रत करते आणि ‘एमव्ही’ हलवते. अशा कमांडला फाइलचे नाव सांगावे लागते, किंवा निदान त्या नावांत काहीतरी सूत्र असावे लागते. ‘या फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ तिकडे हलवा’ हे काम शेल एका ओळीत करतो आणि कोणताही फाइल मॅनेजर त्याहून सोपे करू शकत नाही. परंतु एखाद्या जुन्या अंकाची २४० पाने स्कॅन केली असतील आणि त्यांतली पुसट आलेली पाने पाहून बाजूला काढायची असतील, तर त्या पानांच्या नावांत कोणतेही सूत्र नसते. ती डोळ्यांनीच निवडावी लागतात. पाहणे, निवडणे आणि निवडलेल्यांवर एकदम क्रिया करणे, या तीन गोष्टी सलग कराव्या लागतात तिथे फाइल मॅनेजर हवा. त्यामुळे तो कमांडची जागा घेणारा नसावा, कमांडच्या शेजारी बसणारा असावा. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी याच कसोटीवर बोलणार आहे.

२. नावे इतकी आहेत की गोंधळ उडतो. त्यांच्यात मूळ फरक कोणता?

पडदा कसा विभागला आहे, हा मूळ फरक. त्यावरून चार घराणी पडतात.

पहिले घराणे दोन चौकटींचे. १९८६ साली डॉससाठी जॉन सोचा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर हा त्याचा मूळपुरुष. १९९४ साली मिगेल दे इकाझा यांनी युनिक्ससाठी मिडनाइट कमांडर लिहायला घेतला, तो आजही ‘एमसी’ या दोन अक्षरांनी सुरू होतो. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. ज्या चौकटीत कर्सर आहे तिथून दुसरीकडे वस्तू जाते. विंडोजवरचा फार मॅनेजर याच घराण्यातला; तो आरएआर हा संकोचन प्रकार घडवणाऱ्या यूजीन रोशाल यांनी १९९६ साली आणला. व्हीआयएफएमही दोन चौकटींचाच आहे, मात्र त्याच्या कळा व्हीआय या मजकूर संपादकाच्या आहेत (विम ही व्हीआयचीच सुधारित आवृत्ती).

दुसरे घराणे स्तंभांचे. मधल्या स्तंभात आपला फोल्डर, डावीकडे त्याचा वरचा फोल्डर, उजवीकडे कर्सरखालच्या फाइलचे दर्शन (प्रीव्ह्यू). मार्क मिलर यांच्या नावावरून या मांडणीला मिलर स्तंभ म्हणतात. पायथॉनमध्ये लिहिलेला रेंजर, गो भाषेतला एलएफ आणि रस्टमधला याझी हे या घराण्यातले प्रमुख.

तिसरे एका यादीचे. त्यात एनएनएन सर्वांत प्रसिद्ध. तो सी भाषेत अरुण प्रकाश जना या भारतीय विकसकाने घडवला. अत्यंत लहान, स्मृती फारच थोडी वापरणारा आणि पडद्यावर एका वेळी एकच यादी दाखवणारा असा तो आहे.

चौथे झाडाचे. ब्रूट हा सगळी फोल्डररचना पडद्यात मावेल इतकी आवळून दाखवतो आणि आपण अक्षरे टाइप करू लागलो की जुळणाऱ्या फांद्याच शिल्लक ठेवतो.

३. थोडक्यात सांगा, मी कोणता घ्यावा?

आपण दिवसभरात फाइलींचे कोणते काम सर्वाधिक करता, यावर उत्तर ठरते.

एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे, पेन ड्राइव्हवर उतरवणे, दोन प्रती ताडून पाहणे हे काम जास्त असेल तर दोन चौकटींना पर्याय नाही. एमसीत डावीकडे पेन ड्राइव्ह आणि उजवीकडे घरचा फोल्डर उघडा ठेवला, की ‘इन्सर्ट’ दाबत दाबत फाइलींवर पिवळी खूण करत जायचे आणि शेवटी ‘एफ-५’. कुठे न्यायचे हे लिहावे लागत नाही, कारण ते समोर दिसतच असते. ‘कंट्रोल-एक्स’ आणि मग ‘डी’ दाबल्यावर दोन्ही फोल्डरांतला फरक तो स्वतःच खुणावून दाखवतो. ही सोय मला इतर कोणत्याही गुणापेक्षा मोलाची वाटते.

शोधत, चाळत, उघडून पाहत पुढे जाणे हे काम जास्त असेल तर स्तंभांचा घ्यावा. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी याझी सुचवतो. प्रीव्ह्यू आणि प्रतिलिपीची कामे तो पार्श्वभूमीत करत असल्याने मोठ्या फोल्डरमध्येही कर्सर अडकत नाही, आणि खोडलेली फाइल तो ट्रॅशमध्ये, म्हणजे परत काढता येईल अशा कचरापेटीत, टाकतो. ज्यांना प्रत्येक गोष्ट शेलच्याच भाषेत स्वतः जुळवायला आवडते त्यांनी एलएफ पाहावा. तो मुद्दाम उघडावाघडा ठेवलेला आहे, आणि शेल ज्यांच्या हाताखालचा आहे त्यांना हा उघडेपणाच आवडतो. जुन्या किंवा कमी ताकदीच्या यंत्रावर एनएनएन.

घाईत असणाऱ्यांनी दिसण्याकडे न पाहता दोनच गोष्टी तपासाव्यात: बाहेर पडल्यावर शेल कुठे असतो (प्रश्न ५) आणि खोडलेली फाइल कुठे जाते (प्रश्न ६). या दोन गोष्टी ज्याच्या बाबतीत आपल्याला पटतात, तो आपला.

४. मला व्हीआय किंवा विम येत नाही. मग हे सगळे माझ्यासाठी नाहीतच का?

असे मुळीच नाही. एमसीला व्हीआयच्या कळांचा गंधही लागत नाही. त्याचे सगळे काम बाणांच्या आणि ‘एफ’च्या कळांवर चालते, आणि कोणती कळ कशासाठी हे पडद्याच्या तळाशी कायम लिहिलेले असते. पाहायला ‘एफ-३’, संपादनाला ‘एफ-४’, हलवायला ‘एफ-६’, नवा फोल्डर ‘एफ-७’. बाकीच्यांतही बाणांच्या कळा चालतातच.

तरीही ‘एच, जे, के, एल’ या चार कळा शिकून घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगेन. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तेव्हा त्यांच्या टर्मिनलच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते, म्हणून त्या रूढ झाल्या; पण त्या टिकल्या त्या बोटे मूळ ओळीवरून हलवावी लागत नाहीत म्हणून. चारेक दिवसांत हाताला सवय होते.

५. फाइल मॅनेजरमध्ये मी खोल कुठल्यातरी फोल्डरमध्ये जातो, बाहेर पडतो, आणि शेल पुन्हा जिथून सुरुवात केली तिथेच! हा दोष आहे का?

दोष नाही, ती युनिक्सची रचना आहे, आणि सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ‘मी आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहे’ ही नोंद प्रत्येक प्रक्रियेची (चालू कार्यक्रमाची) स्वतंत्र असते. शेल फाइल मॅनेजरला जन्म देतो तेव्हा त्या नोंदीची एक प्रत त्याच्या हाती देतो. मुलाने आपल्या प्रतीत कितीही बदल केले तरी आईच्या नोंदीला हात लावता येत नाही. ‘सीडी’ ही स्वतंत्र कमांड नसून शेलच्याच पोटातली का आहे, याचे कारणही हेच.

उपाय सर्वांचा एकाच जातीचा आहे. शेलच्या आरंभ फाइलीत (सुरू होताना तो आपोआप वाचतो त्या फाइलीत) एक छोटे फंक्शन लिहायचे. ते फाइल मॅनेजरला सुरू करते, बाहेर पडताना शेवटच्या फोल्डरचा पत्ता एका तात्पुरत्या फाइलीत लिहायला सांगते, आणि तो बाहेर पडला की तो पत्ता वाचून स्वतः ‘सीडी’ करते. फंक्शन शेलच्या आतच चालत असल्याने त्याचा परिणाम टिकतो. रेंजर आणि व्हीआयएफएम यांना पत्ता लिहून घेण्यासाठी वेगळा पर्याय आहे. एलएफ, एनएनएन आणि याझी यांच्या दस्तऐवजांत पूर्ण फंक्शन तयार मिळते. एमसीसोबत याच कामाची वेष्टन-स्क्रिप्ट येते, मात्र ती वेगळी न चालवता शेलच्या आतच वाचवून घ्यायची असते. ब्रूट तर पहिल्यांदा सुरू होतानाच ‘बीआर’ नावाचे फंक्शन बसवू का असे विचारतो.

चूक एकाच ठिकाणी होते. बरेच जण हे फंक्शन वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहितात आणि ती स्क्रिप्ट चालवतात. स्क्रिप्ट म्हणजे पुन्हा एक मूलच, त्यामुळे स्थिती जैसे थे राहते. फंक्शन आरंभ फाइलीतच असावे, आणि बदल केल्यावर नवे टर्मिनल उघडावे.

६. चुकून खोडलेली फाइल परत मिळते का?

हे फाइल मॅनेजरवर अवलंबून आहे, आणि कामाच्या फाइलींवर हात चालवण्यापूर्वी ते तपासून घ्यावे. एमसीची ‘एफ-८’ ही कळ फाइल कायमची काढून टाकते. एकदा होकार दिला की ट्रॅश वगैरे काही नाही. रेंजरमध्ये ‘डी, शिफ्ट-डी’ ही जोडीही कायमचीच खोडते, मात्र अलीकडच्या आवृत्त्यांत ‘डी, शिफ्ट-टी’ने ट्रॅशमध्ये टाकता येते. एलएफमध्ये खोडण्याला मुळात कोणतीच कळ दिलेली नाही, ती आपण ठरवायची. एनएनएनला ट्रॅश वापरायला सांगण्यासाठी एक पर्यावरण-चल (शेल कार्यक्रमांना पुरवतो ती सेटिंग) लावावे लागते. याझीत ‘डी’ म्हणजे ट्रॅश आणि ‘शिफ्ट-डी’ म्हणजे कायमचे. व्हीआयएफएम सर्वांत दयाळू आहे: ‘डीडी’ केलेली फाइल तो स्वतःच्या ट्रॅशमध्ये ठेवतो आणि ‘यू’ दाबले की ती जागेवर परत आणतो. हे ‘यू’ हलवण्याला आणि नाव बदलण्यालाही लागू पडते.

एलएफ नवा असताना मी खोडण्याची क्रिया एकट्या ‘डी’ कळीवर बसवली होती आणि ‘खात्री आहे का’ हा प्रश्नही काढून टाकला होता. एका रात्री शेजारच्या खिडकीत टाइप करत असल्याच्या समजुतीने मी एक शब्द टाइप केला, त्यात ‘डी’ होता, आणि एका दिवाळी अंकाच्या स्कॅनचा अख्खा फोल्डर गेला. ती पाने पुन्हा स्कॅन करायला पुढचे दोन रविवार लागले. तेव्हापासून माझ्याकडे खोडणे म्हणजे ट्रॅश, आणि कायमचे खोडायचे असेल तर ते शेलमध्ये, पूर्ण नाव लिहून.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेन ड्राइव्हवरची फाइल ट्रॅशमध्ये टाकली की ती बहुधा त्याच ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. म्हणून फाइली दिसत नाहीत आणि जागाही मोकळी होत नाही, अशी तक्रार येते. ट्रॅश रिकामा केल्यावरच जागा मिळते.

७. शेकडो फाइलींची नावे एकदम बदलायची आहेत. कोणता चांगला?

संपादकात नावे उघडून देणारा कोणताही. रेंजर, व्हीआयएफएम, एनएनएन आणि याझी हे सर्व निवडलेल्या फाइलींची नावे आपल्या नेहमीच्या संपादकात एका ओळीला एक अशी मांडतात. आपण मजकुरासारखी ती दुरुस्त करून साठवली की नावे बदलतात. विम वापरणाऱ्यांसाठी हे फार सुखाचे आहे. सर्व ओळींच्या आरंभी ‘पान-०००’ घालायचे, ते आकडे उभ्या निवडीत घ्यायचे आणि ‘जी, कंट्रोल-ए’ दाबायचे. ०००च्या जागी चढते क्रमांक बसतात. शून्ये आधीच भरून ठेवल्याने ‘पान-१०’ हे ‘पान-२’च्या आधी येण्याचा प्रकारही टळतो. मात्र फाइलनावांत हे आकडे रोमन ठेवावेत, कारण विमची ही क्रिया देवनागरी आकड्यांवर चालत नाही.

एकच पथ्य: ओळ काढू नये, वाढवू नये, ओळींचा क्रम बदलू नये. कितव्या ओळीला कोणती फाइल हाच सगळ्याचा आधार आहे. रेंजर प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी होणाऱ्या कमांडची यादी पुन्हा संपादकात दाखवतो. ती यादी न वाचता पुढे जाऊ नये.

८. मी इमॅक्स वापरतो. मला वेगळा फाइल मॅनेजर लागेल का?

बहुधा नाही. इमॅक्स या मजकूर संपादकातला डायरेड हाच पूर्ण फाइल मॅनेजर आहे, आणि त्याची यादी थेट लिहिण्याजोगी करून प्रश्न ७ मधले काम तिथेच करता येते.

९. चित्रांचा प्रीव्ह्यू दिसत नाही, नुसती अक्षरे किंवा रिकामी जागा दिसते. काय करावे?

चित्र काढणारा फाइल मॅनेजर नसतो, टर्मिनल असतो. फाइल मॅनेजर फक्त ठरलेल्या बोलीत चित्र त्याच्याकडे सोपवतो. या बोली तीन मुख्य आहेत: डेक या जुन्या संगणक कंपनीच्या काळापासून चालत आलेली सिक्सेल, किटी टर्मिनलची आणि आयटर्म-२ ची. आपल्या टर्मिनलला यांतली एकही कळत नसेल तर सेटिंग बदलून सहसा उपयोग नाही, टर्मिनल बदलावा. याझी समोरचा टर्मिनल ओळखून योग्य बोली आपोआप निवडतो. रेंजरला ती सांगावी लागते. एलएफला प्रीव्ह्यूची स्क्रिप्ट लिहून द्यावी लागते. एनएनएनला प्लगइन लागते.

टर्मिनल बरोबर असूनही टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणाऱ्या आणि टर्मिनल बंद झाला तरी ती चालू ठेवणाऱ्या साधनाच्या) आत चित्र दिसत नसेल, तर अडथळा टीमक्सचा आहे. तो अनोळखी संदेश मध्येच अडवतो. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये असे संदेश पुढे जाऊ देण्याचा पर्याय चालू करावा लागतो. चित्राऐवजी नावांपुढे चौकोन दिसत असतील तर तो वेगळाच प्रश्न आहे: चिन्हांसाठी लागणारा नर्ड फाँट बसवलेला नाही.

१०. सर्व्हरवर एसएसएचने काम करतो. तिथे काहीही बसवण्याची परवानगी नाही. मग?

एसएसएच म्हणजे दूरच्या यंत्रावर टर्मिनलमधून काम करण्याची सोय. अशा वेळी तीन वाटा आहेत. एलएफ ही एकच स्वयंपूर्ण फाइल असल्याने ती आपल्या घरच्या फोल्डरमध्ये टाकून चालवता येते. प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. अशी फाइल चालवणे संस्थेच्या नियमांत बसते का, हे मात्र आधी विचारावे. दुसरी वाट म्हणजे फाइल मॅनेजर आपल्याच यंत्रावर ठेवणे: एमसीच्या एका चौकटीत एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइली नेण्याच्या रीतीने) दूरचा सर्व्हर उघडता येतो, आणि एनएनएन तर ‘एसएसएचएफएस’च्या मदतीने तो सर्व्हर स्थानिक फोल्डरसारखा जोडून देतो. तिसरी वाट, तिथे आधीपासून असलेल्या विमनेच फोल्डर उघडणे. विमसोबत येणारा नेटआरडब्ल्यू साधा आहे, पण वेळेला पुरतो.

११. मोठी फाइल नेत असताना टर्मिनल बंद झाला. काम पुढे चालू राहते का?

नाही. फाइल मॅनेजर टर्मिनलसोबत जातो आणि त्याच्यासोबत प्रतिलिपीही. अर्धवट फाइल मागे राहते आणि नावावरून ती पूर्णच वाटते, म्हणून आकार ताडून पाहावा. मोठी कामे टीमक्सच्या आत करावीत किंवा थेट ‘आरसिंक’ या प्रत करणाऱ्या कमांडला द्यावीत, म्हणजे तुटले तरी तिथून पुढे धरता येते. एलएफमध्ये एका खिडकीत उचललेली फाइल दुसऱ्या खिडकीत ठेवता येते, त्यामुळे काहींची अशी समजूत होते की काम खिडकीपासून स्वतंत्र चालते; प्रत्यक्षात तिथे फक्त ‘काय उचलले आहे’ एवढीच नोंद सामायिक असते.

जोडूनच विचारले जाते: हलवणे कधी क्षणात होते, कधी तासभर लागतो, असे का? एकाच फाइल सिस्टिमवर हलवणे म्हणजे फक्त पत्ता बदलणे. दुसऱ्या डिस्कवर हलवणे म्हणजे पूर्ण प्रत करून मूळ खोडणे.

१२. विंडोजवर यांपैकी काय चालते?

याझी, एलएफ, ब्रूट आणि व्हीआयएफएम थेट चालतात. फार मॅनेजर तर तिथलाच. रेंजर, एनएनएन आणि एमसी यांच्यासाठी विंडोजमधली लिनक्स उपप्रणाली वापरणे सोयीचे.

१३. मराठी नावांच्या फाइली दिसतात, पण स्तंभ वाकडेतिकडे होतात. कधी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.

प्रश्नचिन्हांचे कारण सोपे आहे: लोकेल (भाषा आणि अक्षरे साठवण्याची रीत ठरवणारी सेटिंग) यूटीएफ-८ चे, म्हणजे सर्व लिप्या सामावणाऱ्या रीतीचे, नाही. ते मराठीच असले पाहिजे असे नाही, पण यूटीएफ-८ हवे. सर्व्हरवर हे विशेषकरून घडते.

वाकडे स्तंभ हे दुखणे खोल आहे. टर्मिनल पडद्याला समान चौकटींचे जाळे मानतो आणि फाइल मॅनेजर प्रत्येक अक्षराला किती चौकटी लागतील ते आधीच मोजतो. ‘क्षेत्र’ हा शब्द घ्या. आपल्याला दोन अक्षरे दिसतात. संगणकाला मात्र क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असे सात घटक दिसतात. हलन्त आणि वरची मात्रा यांना शून्य चौकटी धरून हिशेब चारवर येतो. टर्मिनलने जोडाक्षर नीट जुळवले तर ते चार चौकटींपेक्षा कमी जागेत मावते, आणि उरलेली जागा कुठे टाकायची यावर दोघांचे एकमत होत नाही. मध्ये टीमक्स असेल तर मोजणारा तिसरा आला. म्हणून फाइल मॅनेजर बदलत बसण्यापूर्वी टर्मिनल बदलून पाहावा. बहुभाषिक मजकुरासाठीच घडवलेला एमएलटर्म अशा वेळी आजमावण्याजोगा आहे. मराठी नावांचे फोल्डर रोज हाताळणाऱ्यांना मी एनएनएन किंवा एका स्तंभात लावलेला एलएफ सुचवतो, कारण एका ओळीत एकच नाव असले की चूक शेजारच्या स्तंभावर सांडत नाही.

१४. ‘दुसऱ्या’ हा शब्द असलेली फाइल समोर दिसते, पण शोधली की सापडत नाही. हे कसे?

मराठी वाचकांना हमखास भेटणारी ही अडचण आहे, आणि ‘ऱ्या’मध्ये ती दडलेली आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे दोन घटक जोडूनही तेच अक्षर बनते. काही कीबोर्ड तर ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांतून तोच आकार काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळी नावे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे नेहमी सुटी करून साठवत असे, त्यामुळे तिथून आलेल्या फाइलींत ‘र’ आणि नुक्ता वेगळे असण्याची शक्यता बरीच. एकाच फोल्डरमध्ये एकसारख्या नावाच्या दोन फाइली दिसण्याचे गूढही यानेच उकलते.

शोधताना ‘दुस’ एवढेच टाइप करावे, हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे ‘कॉन्व्हएमव्ही’ या साधनाने नावे एनएफसी, म्हणजे जोडलेल्या, रूपात आणणे. पहिल्या फेरीत ते फक्त काय बदलेल हे दाखवते, ते वाचूनच पुढे जावे. अदृश्य जोडचिन्हाची नावे मात्र याने सुधारत नाहीत. ती प्रश्न ७ मधल्या रीतीने संपादकातच बदलावी लागतात.

१५. मराठी लिहिता लिहिता फाइल मॅनेजरमध्ये गेलो की कळा चालेनाशा होतात.

कीबोर्ड मराठीतच राहिलेला असतो. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘एच, जे, के, एल’ या कळा अनुक्रमे प, र, क, त पाठवतात, आणि फाइल मॅनेजरला ‘र’ म्हणजे खाली असे ठाऊक नसते. बाण, एंटर, टॅब आणि ‘एफ’च्या कळा मात्र कोणत्याही मांडणीत तशाच राहतात. दिवसाचे निम्मे लेखन मराठीत करणाऱ्यांसाठी एमसी सोयीचा ठरतो तो यामुळेच. निवडीच्या वेळी हा मुद्दा सहसा कोणी विचारात घेत नाही. अन्यथा मांडणी बदलण्याची कळ अंगठ्याजवळ आणून ठेवावी आणि चालू मांडणी पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था करावी.

१६. ‘नाव फार लांब आहे’ असा संदेश येतो, पण माझे नाव तर शंभर अक्षरांचेही नाही.

लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट घेतो, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ हा एकच शब्द दहा घटकांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो. एकंदर ८५ घटकांत नाव बसवावे लागते, आणि शेवटचा (‘.पीडीएफ’सारखा) प्रत्ययही त्यातच मोजला जातो.

१७. एमसीतून बाहेर पडायला ‘एफ-१०’ दाबले की टर्मिनलचाच मेनू उघडतो.

काही टर्मिनल ती कळ स्वतःकडे ठेवतात. त्यांच्या सेटिंगमध्ये हा पर्याय बंद करता येतो. तोपर्यंत ‘एस्केप’ दाबून सोडावे आणि मग ‘०’ दाबावे. इतर ‘एफ’ कळांसाठीही हीच युक्ती चालते: ‘एस्केप’ आणि मग ‘५’ म्हणजे ‘एफ-५’. ज्या लॅपटॉपवर या कळा आवाज आणि प्रकाशाला दिलेल्या आहेत तिथेही ती उपयोगी पडते.

१८. फाइल मॅनेजरमधूनच शेल उघडला, त्यात पुन्हा फाइल मॅनेजर उघडला. आता बाहेर पडलो तरी पडत नाही.

आपण एकात एक शिरला आहात. रेंजरमध्ये ‘शिफ्ट-एस’ने उघडलेला शेल हा त्याच्या पोटातला शेल असतो, परत यायला ‘एक्झिट’ लिहायचे असते, पुन्हा ‘रेंजर’ नव्हे. रेंजर, एलएफ, एनएनएन आणि याझी हे सर्व आपण कितव्या पातळीवर आहोत ते एका पर्यावरण-चलात लिहून ठेवतात. तो आकडा शेलच्या प्रॉम्प्टमध्ये (ओळीच्या आरंभी दिसणाऱ्या खुणेत) दाखवला की घोटाळा होत नाही. एमसीची तऱ्हा निराळी आहे. तिथे ‘कंट्रोल-ओ’ने चौकटी दूर होतात आणि मागचा शेल दिसतो, तीच कळ पुन्हा दाबली की चौकटी परत.

१९. फोल्डरकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक खोडली तर आतल्या फाइलीही जातील का? आणि प्रत केली तर?

सिम्बॉलिक लिंक म्हणजे दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद. त्या लिंकवर कर्सर ठेवून खोडले तर फक्त लिंक जाते, मूळ फोल्डर सुरक्षित राहतो. परंतु लिंकमधून आत शिरून, सगळे निवडून खोडले तर ते मूळचेच खोडले जाते. आत शिरल्यावर आपण लिंकमध्ये नसून खऱ्या फोल्डरमध्ये असतो. प्रत करण्याच्या बाबतीत एमसी सर्वांत स्पष्ट आहे: ‘एफ-५’च्या खिडकीत लिंकचा पाठपुरावा करायचा की नाही, असा चौकोनच असतो. तो रिकामा असेल तर लिंकची लिंक जाते, आणि ती पेन ड्राइव्हवर नेली की दुसऱ्या यंत्रावर काहीच उघडत नाही. शिवाय पेन ड्राइव्ह फॅट या जुन्या फाइल सिस्टिमचा असेल तर तिथे लिंक मुळात बनतच नाही आणि त्रुटी येते. अशा वेळी तो चौकोन भरून प्रत घ्यावी. मात्र वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी एखादी लिंक आत असेल तर ती आधी बाजूला काढून ठेवावी.